आधी चित्र दिसू द्या

वासुदेव गायतोंडे यांचं १९७९ मधलं एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या ख्रिस्तीजच्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना विकलं गेलं आणि त्याची मोठी बातमी झाली. बातमी अर्थातच किमतीची होती. त्या चित्रात एवढं आहे तरी काय, हा वाचकाचा प्रश्न रास्त होता; पण त्याचं उत्तर लिलावाच्या आकड्यात सापडत नाही. ते समीक्षेनं द्यायचं असतं. त्यासाठी समीक्षकानं चित्र थोर की सुमार हे ठरवण्याआधी, त्यात डोळ्यांना काय दिसतं ते नीट लिहायला हवं.

गायतोंडे यांच्यापाशी या म्हणण्याची खरी कसोटी लागते. त्यांच्या प्रौढ काळातल्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, बहुतेकदा शीर्षकही नाही. मग लिहिणारा चरित्राकडे धावतो: झेन विचार, निसर्गदत्त महाराजांविषयीचा आदर, दिल्लीतलं एकाकी राहणं. त्यावर ‘मौन’, ‘अथांग’, ‘ध्यानमग्न’ असे शब्द चढतात. हे शब्द दुसऱ्या कुणाच्याही चित्राखाली तितकेच खपतात, हीच त्यांची अडचण. याउलट, गायतोंडे रंग लावत कसे, ते पाहावं. ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. पातळ थरांवर थर चढवत. मासिकांच्या कागदाचे तुकडे दाबून कॅनव्हासवर रंग उमटवत. हे ठाऊक असलं की पाहणं बदलतं. उजेड वरच्या थरात आहे की खालून झिरपतो? चित्रातल्या अक्षरांसारख्या खुणांच्या कडा कुठे धारदार आहेत, कुठे विरघळल्या आहेत? दोन छटांमधला फरक इतका बारीक असेल की तो जाणवायलाच वेळ लागतो, आणि नजरेला अडवणारी ठाम बाह्यरेषा कुठेच नसेल, तर ‘शांत’ हा शब्द समीक्षकानं कमावलेला असतो.

यावर कुणी म्हणेल, आवड ज्याची त्याची; तिथे पुरावा कसला? आवड खासगी असते हे मान्य. पण ‘इथे कडा विरघळली आहे’ हे विधान खासगी नाही. चित्रासमोर उभा राहून दुसरा माणूस ते खोडू शकतो, आणि तसं खोडता येणं हेच समीक्षेचं बळ. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा चिरफाडीनं अनुभव मरतो. वर्णनाची नुसती जंत्री झाली तर तो खरोखर मरतो. म्हणून दिसलेल्या प्रत्येक गोष्टीचा परिणाम काय झाला, हे सांगितलंच पाहिजे. परिणाम झाला नसेल तर तेही. एखाद्या कॅनव्हासवरच्या खुणा केवळ शोभेच्या वाटल्या, तर किंमत कोटींत असली तरी तसं लिहावं, आणि कोणत्या खुणा, तेही दाखवावं.

राहिला प्रश्न पाहण्याचा. छापील प्रतिमेत हे थर जवळजवळ सपाट होतात, पृष्ठभागाचा पोत हरवतो आणि आकाराचा अंदाज येत नाही. उंच, उभ्या कॅनव्हाससमोर उभं राहणं आणि पानावरचा चौकोन पाहणं यांतून निघणारी मतं सारखी असूच शकत नाहीत. मूळ चित्र पाहून लिहिलंय की छापील प्रतीवरून, एवढं समीक्षकानं पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकावं.