पिंगळ्याच्या कुळातल्या अळ्या

येळवशीला शेतात कडब्याची कोप उभी राहते आणि पूजा आटोपली की सगळे भज्जी-आंबिलीवर तुटून पडतात. पण आदल्या रात्री तुरीच्या शेंगा सोलायचं काम असतं. कळंबपासून उमरग्यापर्यंत, धाराशिव जिल्ह्यात हे घरोघरी चालतं. सोलता सोलता एखादी शेंग बोटाला हलकी लागते. टरफलावर गोल, कोरल्यासारखं छिद्र. आत दाण्याऐवजी ओलसर विष्ठा, कधी खुद्द अळी. हिरवी, दोन्ही कुशींना फिकट पट्टा. आजी तिला घाटेअळीच म्हणायची. तुरीत घाटे कुठले, असं विचारलं की म्हणायची, "हरभऱ्यातलीच हाय ती, हितं पाहुणी आलीया."

आजीचं वर्गीकरण अचूक होतं. तुरीतली शेंगा पोखरणारी अळी, हरभऱ्यातली घाटेअळी, कपाशीतली अमेरिकन बोंडअळी, टोमॅटोतली फळ पोखरणारी अळी: नावं चार, कीड एकच, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. एकटी अळी ३०-४० घाटे फस्त करते. डोकं घाट्यात, उरलेलं अंग बाहेर. त्या 'अमेरिकन'मध्ये तर काही तथ्यच नाही. ही जुन्या जगातली कीड. ब्राझीलमध्ये तिची नोंद झाली ती २०१३ साली.

उलटा घोळ 'लष्करी अळी'चा. ज्वारीवर झुंडीनं येणारी मिथिम्ना सेपरेटा ही आपली जुनी लष्करी अळी. मक्यावरची स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा मात्र खरोखर अमेरिकेची. २०१८ मध्ये ती कर्नाटकात शिवमोग्ग्याला सापडली आणि त्याच वर्षी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात पोचली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडच्या भागावर चौकोनात चार ठिपके, ही तिची खूण. सोयाबीनची पानं खाणाऱ्या स्पोडोप्टेरा लिट्युरालाही कुणी कुणी लष्करीच म्हणतं. नाव एक, किडी तीन.

या साऱ्या जणी नॉक्ट्युइडी कुळातल्या. 'नॉक्टुआ' म्हणजे लॅटिनमध्ये छोटं घुबड, आपला पिंगळा. १७५८ साली लिनिअसनं निशाचर पतंगांच्या एका गटाला हे नाव दिलं. पतंगाच्या डोळ्यांवर बॅटरी मारा, ते निखाऱ्यासारखे चमकतात, नाव पटतं. लक्ष्मीच्या वाहनाचं नाव पीक फस्त करणाऱ्या कुळाला मिळावं, हा योगायोग दिवाळीत तरी नोंदवायलाच हवा.

भारतातल्या पतंगांची पहिली मोठी मांडणी जॉर्ज हॅम्पसनची. निलगिरीत चहाचा मळा पाहणाऱ्या या गृहस्थानं १८९२ ते १८९६ या काळात 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतले पतंगांचे चार खंड लिहिले. त्या काळच्या वर्गीकरणाचा मोठा आधार म्हणजे पंखावरच्या शिरा. मागच्या पंखाच्या मधल्या कप्प्याच्या खालच्या कोपऱ्याशी तीन ठसठशीत शिरा दिसतात की चार, यावर घराणी पडत. पुढे रेझा झहिरी आणि सहकाऱ्यांनी आठ जनुकं ताडून पाहिली आणि २०११ मध्ये या मोठ्या गोतावळ्याची नवी वाटणी मांडली. चार शिरांची बहुतेक मंडळी एरेबिडी कुळात गेली. एरंडाची पानं खाणारी उंटअळी, मोसंबी-डाळिंबाला सोंड खुपसून रस पिणारे पतंग ही सगळी तिकडची. केसाळ अळ्यांचं स्वतंत्र कुळ होतं, तेही मोडून तिथंच सामावलं. आज एरेबिडीत सुमारे साडेचोवीस हजार जाती आहेत, नॉक्ट्युइडीत सुमारे बारा हजार.

गंमत सोयाबीनवरच्या उंटअळीची. तिच्या पतंगालाही चार शिरा, पण जनुकांनी तिला नॉक्ट्युइडीतच ठेवलं. म्हणजे एरंडावरची आणि सोयाबीनवरची, दोघी उंटासारखी कुबड काढून चालणाऱ्या, पण आता दोन वेगळ्या कुळांच्या. बांधावर ओळखायला मात्र शिरा लागत नाहीत. पोटाखालचे मांसल पाय मोजा. घाटेअळीला मागच्या टोकाचे धरून पाच जोड्या, सोयाबीनच्या उंटअळीला तीनच. मधले पाय नाहीत म्हणून तर कुबड.

कीड नेमकी ओळखण्यावर पैसे अवलंबून असतात. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनवर लिट्युरानं थैमान घातलं आणि त्यानंतर २००९-१० पासून राज्यात 'क्रॉपसॅप' ही कीड-सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. घाटेअळीवर एचएएनपीव्ही हा विषाणू फवारतात. रोगट अळ्या शेंड्याला उलट्या लटकून मरतात. लिट्युराला तो बाधत नाही, तिचा एसएलएनपीव्ही वेगळा. कामगंध सापळ्यांचंही तसंच. मादीच्या वासाची नक्कल असलेली गोळी त्याच जातीच्या नराला बोलावते. परजातीचे नर सहसा फिरकत नाहीत.

आमच्या भावकीतल्या एका काकांनी सोयाबीनमध्ये पाच सापळे लावले होते. पंधरा दिवस पिशव्या रिकाम्या. "सापळे बोगस," म्हणाले. मी गेलो तेव्हा खालची पानं जाळीदार झालेली, एका पानामागे अंड्यांचा पुंजका, त्यावर भुरकट लव. घाटेअळीची मादी अंडी सुटी सुटी घालते. पुंजका घालून वर लव पांघरते ती लिट्युरा. सापळ्याचं झाकण उघडून गोळीचं पाकीट मागितलं. काकांनी ते गोठ्यातल्या खुंटीवरच्या पिशवीतून काढून दिलं. त्यावर 'हेलील्युअर' लिहिलं होतं.