मान तडकलेली गिटार

गेल्या हिवाळ्यात आम्ही इंगोलश्टाट येथे चिरंजीवांकडे होतो. दुसऱ्या दिवशी त्यांना कार्यक्रमांच्या दौऱ्यावर निघावयाचे होते. बांधाबांध करिताना आमचाच धक्का लागून त्यांची लाडकी गिटार पडली व खुंट्यांखाली मान तडकली. मानेचे शिर मागे झुकते तेथे लाकडाच्या रेषा तिरप्या तुटतात. त्यात पोलादी तारांचा ताण सत्तर किलोंच्या घरात! १९९० साली तिबिलिसीहून आलेला जॉर्जियन चेंबर ऑर्केस्ट्रा ज्या शहरी स्थिरावला, तेथे वाद्य दुरुस्त करणारा मिळाला, हे आमचे भाग्य. त्याने तारा उतरविल्या, फटीत सरस भरला, क्लॅम्प आवळले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू दिला नाही.

चिरंजीव उसनी गिटार घेऊन गेले. आम्हांस एक शब्दही बोलले नाहीत. तेच जड गेले.