कॅसेटमधून आलेला गेम

टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली की गाणं वाजतं, हे आजी-आजोबांनी सांगितलंच असेल. पण कॅसेटमधून गेम? हो, यायचा बरं का!

१९८२ साली इंग्लंडमधल्या सिंक्लेअर कंपनीने 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा घरगुती कॉम्प्युटर काढला. दिसायला नुसता कीबोर्ड, पण सगळं यंत्र त्याच्याच पोटात. मग स्क्रीन? घरचा टीव्ही! पुढे १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन त्याचं सुधारित रूप भारतात विकायला आणलं. त्याचं नाव 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'.

आता गंमत बघा. 'जे'चं बटण दाबलं की पडद्यावर 'लोड' हा अख्खा शब्द उमटायचा. टेप सुरू केली की किर्रर्र... चींईई... पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे!

हा गोंगाट काहून? कॉम्प्युटरला कळतात फक्त ० आणि १. कॅसेटवर ते आवाजाच्या लाटा होऊन बसलेले असायचे. शून्याची लाट आखूड, एकाची तिच्या दुप्पट लांब. प्रत्येक लाट किती लांब आहे ते मोजत मोजत कॉम्प्युटर गेम 'ऐकायचा'. मोठा गेम यायला चार-पाच मिनिटं लागायची. मध्येच लाइट गेली, की पुन्हा पहिल्यापासून! आणि मेमरी? सगळी मिळून ४८ केबी. आज मोबाइलमधला एकच फोटो दोन-तीन एमबीचा असतो, म्हणजे तेवढ्यासाठी असे चाळीस-साठ स्पेक्ट्रम लागतील.

मग हे जुनं डबडं आता कोण घेणार? लहानपणी त्यावर खेळलेली मुलं आता मोठी झालीत, कमावती झालीत. ती शोधत येतात. पण भाव फक्त आठवणींवर ठरत नाही. १९७६ चा ॲपल-१ घ्या. असे जेमतेम २०० बनले. त्यातले कित्येक कंपनीनेच नव्या मॉडेलच्या बदल्यात परत घेतले आणि मोडून टाकले. उरले थोडेच. नवा असताना ६६६ डॉलरला मिळणाऱ्या या कॉम्प्युटरला २०१४ च्या एका लिलावात ९ लाख ५ हजार डॉलर मिळाले. तेव्हाचे साधारण साडेपाच कोटी रुपये! स्पेक्ट्रम मात्र जगभर सुमारे ५० लाख विकले गेले, म्हणून त्याला कोटींचा भाव नाही. जे फेकलं गेलं, त्यामुळेच उरलेल्याचा भाव वाढतो.

त्यातही चालू यंत्राला मान जास्त, सोबत मूळ खोका आणि पुस्तिका असली तर आणखीच. पण चालू राहणं सोपं नाही. स्पेक्ट्रमच्या कीजखाली प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. वर्षानुवर्षांनी तो कडक होतो आणि वाकवला की तुटतो. कपॅसिटरमधलं रसायनही सुकत जातं. त्यात नागपूरचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या घरात, आणि माळ्यावर तर भट्टीच!

तेव्हा दोस्तांनो, माळ्यावर असा एखादा कीबोर्ड सापडलाच, तर प्लग लावायची घाई नको. आधी धूळ पुसा, सावलीत ठेवा आणि जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. आणि आई-बाबांना, काका-मामांना नक्की विचारा: तुमचा पहिला गेम कोणता?