पाणंदीवरची गाडी आणि इंजिन ऑइलची निवड

मराठवाड्यात डांबरी रस्ता सोडून चालणाऱ्या गाड्यांचा संबंध हौशी सफरींपेक्षा शेतीशी आणि रोजच्या वाहतुकीशी अधिक आहे. छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुरा भागातून, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयावरून जाणाऱ्या स्टेशन रस्त्याने निघालेली जीप, बोलेरो किंवा थार शहराची हद्द ओलांडताच पैठणकडच्या काळ्या मातीच्या पाणंदीत, म्हैसमाळच्या चढावर किंवा कन्नड तालुक्यातल्या शिवरस्त्यांवर उतरते, आणि तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तास-तासभर रेटताना तिच्या इंजिनावर पडणारा ताण महामार्गावरच्या धावेपेक्षा वेगळ्या जातीचा असतो. अशा गाडीत साधे मिनरल ऑइल घालावे की दुप्पट-तिप्पट किमतीचे सिंथेटिक, या प्रश्नाला ‘महाग तेच चांगले’ आणि ‘आपल्या गाडीला साधे चालते’ अशी दोन तयार उत्तरे मिळतात. पण दोन्ही उत्तरांत इंजिन कोणते, धूळ किती आणि गाडी चालते किती तास, हे तिन्ही विचारलेले नसते.

इंजिन ऑइल म्हणजे मूळ तेल आणि त्यात मिसळलेली रसायने यांचे मिश्रण असते. काजळी तरंगत ठेवणारी, आम्ल मारणारी आणि धातूवर संरक्षक थर बसवणारी ही रसायने दोन्ही प्रकारांत असतात. फरक असतो तो मुख्यतः मूळ तेलात. कच्च्या खनिज तेलाचे ऊर्ध्वपातन करून, मेण आणि नको असलेले घटक काढून जे मिळते ते मिनरल तेल होय, आणि त्यातले रेणू लहान-मोठे, वेड्यावाकड्या आकाराचे असल्याने काही लवकर उडून जातात तर काही लवकर जळतात. याउलट पॉलिअल्फाओलेफिन, म्हणजे पीएओ, हे खरे घडवलेले तेल असून ठरावीक लांबीचे रेणू जोडून ते तयार होत असल्याने त्यात एकसारखेपणा असतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, मूळ तेलांचे पाच गट मानते. पहिले तीन खनिज तेलापासून शुद्ध केलेले, चौथा पीएओचा आणि पाचव्यात एस्टरसह उरलेली सगळी. तिसऱ्या गटातले तेल मोठ्या दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून इतके बदललेले असते की १९९९ मध्ये अमेरिकेतील जाहिरात-तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेने ते ‘सिंथेटिक’ म्हणून विकण्यास हरकत मानली नाही, आणि बाजारातल्या ‘फुल्ली सिंथेटिक’ डब्यांपैकी अनेकांत आज मुख्यतः हेच तेल असते. त्यात फसवणूक नाही, कारण चांगल्या तिसऱ्या गटाचे तेल पीएओच्या बरेच जवळ जाते. परंतु डब्यावरचा मोठा शब्द गुणवत्तेची हमी देत नाही, ती मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या मानकांत शोधावी लागते. ‘सेमी-सिंथेटिक’ तेलात तर सिंथेटिकचे प्रमाण किती असावे याचा सर्वमान्य नियमच नाही.

त्या बारीक अक्षरांत पहिला भाग जाडपणाचा असतो. १५डब्ल्यू-४० यातला ‘डब्ल्यू’पूर्वीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती जाड राहते ते सांगतो. १५डब्ल्यू प्रतीचे तेल उणे २० अंशांतही इंजिन फिरू देण्याइतके पातळ असावे लागते, आणि संभाजीनगरची डिसेंबर-जानेवारीतली पहाट १० अंशांच्या आसपास रेंगाळते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत सहज सुरू होण्याचा सिंथेटिकचा जो गुण थंड देशांत निर्णायक ठरतो, तो इथे फारसा कामी येत नाही. लडाखला गाडी नेणाऱ्याचा हिशेब अर्थातच निराळा आहे.

इथला खरा शत्रू उष्णता आहे. मे महिन्यात हवेचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेले असताना चारही चाकांना शक्ती वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचा लो गिअर टाकून चढ चढणाऱ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही, रेडिएटरची सारी भिस्त पंख्यावर राहते आणि चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळच्या टाकीतले, तेल नेहमीच्या तापमानापेक्षा बरेच तापते. तापमान दर १० अंशांनी वाढले की तेलाचे ऑक्सिडीकरण साधारण दुपटीने वाढते, असा रसायनशास्त्रातला ठोकताळा आहे, आणि ऑक्सिडीकरण म्हणजे तेल घट्ट होणे, त्यात आम्ल तयार होणे व धातूवर वार्निशसारखा थर बसणे. टर्बो असलेल्या इंजिनात हा प्रश्न आणखी तीव्र होतो, कारण मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकणाऱ्या टर्बोच्या दांड्याला तेच तेल आधार देत असते आणि चढ संपताच इंजिन एकदम बंद केले तर तिथे अडकलेले तेल भाजून त्याचा कोळसा होतो. सिंथेटिक तेल या भाजण्याला निश्चितपणे जास्त काळ तोंड देते, आणि मराठवाड्यात त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे सर्वात सबळ कारण हेच आहे. तरीही, बंद करण्यापूर्वी इंजिन मिनिटभर संथ चालू ठेवण्याची सवय कोणत्याही तेलाबरोबर पाळावी.

उष्णतेबरोबर भाराचाही विचार हवा. १५० अंशांना, वेगाने घासले जाताना तेलाचा जो जाडपणा शिल्लक राहतो, त्याची किमान मर्यादा एसएई या अभियंता-संस्थेच्या मापनपद्धतीत १५डब्ल्यू-४० साठी ३.७ आणि ५डब्ल्यू-३० साठी २.९ अशी आहे. म्हणजे या एका कसोटीवर साधे १५डब्ल्यू-४० हे पातळ सिंथेटिकपेक्षा सरस ठरू शकते. युरोपीय ‘एसिया सी३’ मानकाच्या ५डब्ल्यू-३० तेलाला मात्र किमान ३.५ चा आकडा गाठावा लागतो, आणि म्हणूनच दोन ५डब्ल्यू-३० डबे शेजारी ठेवले तरी ते एकाच कामाचे असतीलच असे नाही.

ज्या ठिकाणी तेलाचा प्रकार जवळजवळ निरुपयोगी ठरतो, ते ठिकाण म्हणजे धूळ. दख्खनच्या बसाल्ट खडकापासून बनलेल्या मातीची उन्हाळ्यातली भुकटी समोरच्या गाडीमागे उठते आणि एअर फिल्टर फाटलेला असेल, त्याचे रबर नीट बसलेले नसेल किंवा हवेच्या पाइपाची पट्टी सैल असेल, तर ती थेट सिलिंडरात जाते. तिथून पिस्टनच्या रिंगांपलीकडे ती तेलात उतरते, आणि बेअरिंगमधला तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असल्याने तितक्याच आकाराचे कण, ज्यांतले बरेचसे कागदी ऑइल फिल्टरमधूनही निसटतात, धातू पॉलिश पेपरप्रमाणे घासत राहतात. पीएओ असो वा साधे मिनरल, ही झीज कोणतेही तेल थांबवत नाही. तेल बदलणे हाच ते कण बाहेर काढण्याचा मार्ग उरतो. पाण्याचेही तसेच आहे. २०२० च्या थारसाठी ६५० मिलिमीटर खोलीपर्यंतचे पाणी ओलांडण्याची क्षमता सांगितलेली आहे, परंतु त्याहून खोल ओढ्यात शिरल्यावर डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसले, तर ते कालच भरलेले महागडे सिंथेटिक असले तरी गाडी न चालवता ते ताबडतोब काढून टाकावेच लागते. त्याच वेळी डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केसमधले तेलही तपासावे. गरम झालेले हे भाग पाण्यात एकदम थंड होतात आणि ब्रीदरच्या छिद्रातून पाणी आत ओढतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. तीव्र उतारावर किंवा एका कुशीवर कललेल्या गाडीत पंपाचे तोंड उघडे पडून तेलाचा दाब तुटू शकतो, म्हणून अशा वाटेला लागण्यापूर्वी पातळी वरच्या खुणेजवळ असावी, मात्र खुणेच्या वर नसावी.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ या धूर-प्रदूषणाच्या नियमांनी डिझेल गाड्यांच्या बाबतीत निवडीचे स्वातंत्र्यच आक्रसले आहे. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. त्यातली काजळी जाळता येते, पण तेलातल्या धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही व कायमची साठत जाते. त्यासाठी सी३ किंवा एपीआय सीके-४ यांसारखी कमी राखेची मानके ठरलेली आहेत, आणि जुन्या सीआय-४ प्रतीचे स्वस्त तेल अशा इंजिनात ओतणे म्हणजे थोडी रक्कम वाचवून डीपीएफचा मोठा खर्च ओढवून घेणे होय. शिवाय डीपीएफ साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते, संथ चालीत ही सफाई वारंवार अर्धवट राहते आणि न जळलेले डिझेल चेंबरमध्ये उतरून तेल पातळ करते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसणे हे अशा गाडीत धोक्याचे चिन्ह असून, तेव्हा सिंथेटिकच्या दीर्घायुष्यावर विसंबणे चुकीचे ठरेल.

दुसऱ्या टोकाला जुन्या जीपगाड्या आहेत. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि त्या परंपरेतली, प्यूजो बनावटीचे २.१ लिटरचे बिनटर्बोचे डिझेल इंजिन असलेली एमएम५४० आजही खेड्यापाड्यांत चालताना दिसते. या इंजिनांना सीआय-४ किंवा त्यापुढच्या प्रतीचे साधे १५डब्ल्यू-४० पुरते. त्यांची काजळी जास्त, सील जुने आणि गळती ठरलेली असल्याने महाग तेल बरेचसे जमिनीवरच सांडते. सिंथेटिक एकदा घातले की परत मिनरलवर येता येत नाही, ही समजूत मात्र निराधार आहे, कारण दोन्ही तेले एकमेकांत मिसळतात. जुन्या इंजिनात साचलेला गाळ नव्या तेलाने सुटून दबलेली गळती उघडी पडते, एवढाच तिच्यातला खरा भाग.

बदलाचा काळ किलोमीटरवर मोजण्याची पद्धत पाणंदीवर फसवी ठरते, कारण ताशी १० किलोमीटरने चाललेल्या गाडीचे इंजिन तेवढ्याच अंतरासाठी महामार्गापेक्षा सहा-सात पट तास फिरलेले असते. ट्रॅक्टरवाला तास मोजतो, तसेच इथेही मोजावेत आणि पुस्तिकेत ‘कठीण वापर’ या सदराखाली दिलेला कमी अंतराचा काळच धरावा. वारंवार बदलाने जळके तेल वाढते, हा त्यातला दोष आहे. ते घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही आलेली असल्याने ते नाल्यावाटे खाम नदीत न सोडता अधिकृत संकलकाकडेच गेले पाहिजे.

यावरून निवाडा असा निघतो की बीएस-६ गाडीत पुस्तिकेने सांगितलेल्या मानकाचे सिंथेटिक घालावे व त्यावर घासाघीस करू नये. बिनटर्बोच्या जुन्या जीपमध्ये साधे तेल घालून वाचलेले पैसे एअर फिल्टरवर खर्च करावेत. खरी निवड उरते ती टर्बो असलेल्या, पण डीपीएफ नसलेल्या बीएस-४ काळातल्या बोलेरो-स्कॉर्पिओंच्या मालकांपुढे. ज्यांची गाडी उन्हाळ्यात भार घेऊन चढ चढते त्यांनी पुस्तिकेला मान्य असलेल्या जाडपणाचे सिंथेटिक घ्यावे, आणि ज्यांची गाडी बहुतांशी धुळीत, छोट्या फेऱ्यांवर असते त्यांनी चांगल्या प्रतीचे मिनरल घेऊन ते लवकर बदलावे.