पहिली वीस मिनिटे

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी आणि दिवाळी एकमेकींना लागून येतात. हलके धान दसऱ्याच्या सुमारास कापणीला येते, भारी धान त्यामागून. कापलेल्या धानाचे भारे बांधतात आणि मळणीची पाळी येईपर्यंत शेतात किंवा खळ्यावर त्यांचे पुंजणे रचून ठेवतात. खत, बियाणे, रोवणीची मजुरी, सोसायटीचे कर्ज, सारे काही त्या एका ढिगात असते. नेमक्या त्याच दिवसांत आकाशात फटाके उडत असतात. 'धानाचे पुंजणे जळून खाक' ही बातमी या भागातल्या वाचकाला नवी नाही. कधी कारण ठिणगीचे, कधी वाकलेल्या वीजतारेचे, कधी जुन्या वैराचे.

अशी आग आमगावच्या शिवारात लागली, तर ती विझवण्याची जबाबदारी कोणाची? 'अग्निशमन दलाची' हे उत्तर सोपे आहे. पण लहान गावाच्या अग्निशमन दलाचे प्रमुखपद म्हणजे नक्की काय, त्या माणसाच्या हाती काय असते आणि काय नसते, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. मोठ्या शहरातल्या आगी बातम्या होतात आणि दलाचे चित्रही तिथलेच डोळ्यांसमोर येते. उंच शिडी, गाड्यांचा ताफा, बिनतारी संदेश. आमगावसारख्या गावात हे पद अगदी वेगळे आहे.

जबाबदारीचे मूळ

महाराष्ट्रात आग विझवणे हे प्रामुख्याने नागरी स्थानिक संस्थेचे काम आहे. 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांमध्ये अग्निशमन सेवेची नोंद आहे. महाराष्ट्रात नगर परिषदांच्या 1965 च्या कायद्याने आग विझवणे आणि आगीत जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे आवश्यक कर्तव्यांत घातले. म्हणजे गाव 'नगर' झाले की बंब ठेवणे हा त्याचा धर्म होतो. ग्रामपंचायत असेपर्यंत गाव शेजारच्या शहराच्या भरवशावर राहते.

आमगावच्या बाबतीत ही रेषा केवळ कागदी नाही. ग्रामपंचायत की नगर परिषद, आजूबाजूची गावे एकत्र यावीत की नाही, हा वाद बरीच वर्षे न्यायालयात रेंगाळला आणि त्या काळात कारभार प्रशासकाकडे राहिला. रस्ते, घरकुले, पाणी यांवर अशा वादाचा परिणाम लोकांना दिसतो. आगीच्या तयारीवरचा परिणाम मात्र आग लागेपर्यंत कोणालाच दिसत नाही. गाडी कोणाच्या निधीतून, कर्मचारी कोणत्या आकृतिबंधातून, डिझेलचे देयक कोण मंजूर करणार, हे प्रश्न अनिर्णित राहिले तरी कोणी मोर्चा काढत नाही.

दुसरी रेषा 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाची. तो डिसेंबर 2008 पासून अमलात आला. या कायद्याने दृष्टी बदलली. आग विझवण्याइतकेच ती लागू न देणे महत्त्वाचे ठरले आणि त्याची पहिली जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा वापरणाऱ्यावर आली. कायद्याच्या कक्षेतल्या इमारतींमधील यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. ते घेणारा, तपासणारा आणि न देणाऱ्याला नोटीस काढणारा अधिकारी म्हणजे दलाचा प्रमुख. मात्र लहान गावात ज्याला नोटीस द्यायची, तो राईस मिलवाला, मंगल कार्यालयाचा मालक किंवा दवाखान्याचा डॉक्टर रोज रस्त्यात भेटणारा असतो. तिथे कायद्याचे कलम वाचून दाखवणे सोपे, लावणे अवघड.

माणसांचे गणित

एका बंबावर साधारण सहा माणसे लागतात. चालक, एक प्रमुख विमोचक आणि चार विमोचक. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या तर अठरा. प्रत्येकाची आठवड्याची सुट्टी धरली की एकवीस, रजा आणि आजारपण धरले की चोवीसच्या घरात. एक गाडी चोवीस तास सज्ज ठेवायची तर इतकी माणसे हवीत. लहान नगर परिषदेच्या एकूण आस्थापनेशी हा आकडा ताडून पाहिला की अडचण लगेच कळते. म्हणून बहुतेक ठिकाणी चालक कायम, बाकीचे कंत्राटी आणि प्रमुखपद दुसऱ्याच खात्याच्या कर्मचाऱ्याकडे अतिरिक्त प्रभार म्हणून, अशी मांडणी दिसते. 2023 साली राज्याने नगर परिषदांच्या राज्यस्तरीय संवर्गांची जी भरती काढली, तिच्यात अग्निशमन सेवेची पदे होती. लहान गावालाही प्रशिक्षित अधिकारी मिळावा, या दिशेने ते पाऊल होते.

प्रशिक्षणाची सोय विदर्भापासून दूर नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले. देशभरचे अधिकारी तिथे घडतात. त्याच नागपूरहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या गावात बंब चालवणाऱ्या कंत्राटी तरुणाला श्वसनयंत्र चढवण्याचा सराव असेलच असे नाही.

माणसे कमी असली की प्रमुखाला एक मोह होतो, स्वतः पाइप हाती धरण्याचा. मोह चांगल्या मनाचा आहे, पण घातक आहे. आगीपाशी एक माणूस बाहेर उभा राहून पूर्ण चित्र पाहणारा लागतो. भिंत कलते आहे का, धुराचा रंग बदलला का, आत गेलेले दोघे किती वेळ आत आहेत, टाकीत पाणी किती उरले. हा धोका मोठ्या दलालाही चुकत नाही. 9 मे 2015 रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला लागलेल्या आगीत प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे चार अधिकारी गेले. अनुभवी, साधनसंपन्न दलाची ही किंमत. लहान गावात तर बाहेर उभे राहायला दुसरा अधिकारीच नसतो. म्हणून तिथल्या प्रमुखाने आधीच ठरवायला हवे, की मी आत जाणार नाही, आणि त्याबद्दल गाव मला भित्रा म्हणाले तरी चालेल.

पाण्याचे गणित

बंबाच्या टाकीत साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावते. एका पाइपातून मिनिटाला साडेचारशे लिटर सोडले तर दहा मिनिटे, दोन पाइप लावले तर पाच मिनिटे. त्यानंतर गाडी म्हणजे नुसता लाल रंगाचा ट्रक. म्हणून जाणता प्रमुख घटनास्थळी पोहोचण्याआधीच विचारतो, पुढचे पाणी कुठे?

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. मालगुजारी काळात बांधलेले तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, आणि शेतांतल्या लहान बोड्या गावोगावी आहेत. पण तलाव असणे आणि आगीला पाणी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी. भरलेला बंब दहा टनांच्या आसपास जातो. पावसाने भिजलेली मातीची पाळ त्याला पेलेल का? उन्हाळ्यात पाणी काठापासून दूर गेले, तर मधल्या चिखलात गाडी रुतेल का? विहिरीची गोष्ट आणखी निराळी. बंबाचा पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. त्यामुळे हिशेबात दहा मीटर आणि व्यवहारात सातेक मीटर यापेक्षा खोलवरचे पाणी तो उचलू शकत नाही, त्याचे इंजिन कितीही ताकदीचे असो. मे महिन्यात, आगी सर्वांत जास्त लागतात तेव्हा, कितीतरी विहिरींची पातळी याच्या खाली गेलेली असते.

म्हणून लहान गावाच्या प्रमुखाचे खरे हत्यार म्हणजे त्याची वही. कोणत्या तलावाला गाडी जाईल असा उतार आहे, कोणत्या राईस मिलच्या टाकीत बारमाही पाणी असते, कोणत्या शेतकऱ्याच्या बोअरची मोटर मोठी आहे, कोणत्या गल्लीत बंब वळत नाही, रेल्वे फाटक बंद असेल तर दुसरा रस्ता कोणता. ही माहिती ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून ती वर्षातून दोनदा तरी पायी फिरून ताजी करावी लागते. या कामाचा फोटो छापून येत नाही, पण आगीचा निकाल पुष्कळदा तिथेच लागलेला असतो.

प्रत्येक आग वेगळी

धानपट्ट्यातल्या आगींचे स्वभावही ओळखावे लागतात. पुंजण्यावर किंवा तणसाच्या ढिगावर वरून पाणी मारले तर वरचा थर भिजतो आणि पोटात धग तशीच राहते. असा ढीग उपसून, पसरून, थराथराने विझवावा लागतो. त्यासाठी पाण्याइतकेच हात लागतात. ओले तणस घट्ट रचले तर आतल्या सूक्ष्मजीवांमुळे ते सत्तर अंशांपर्यंत तापते, पुढे रासायनिक क्रिया सुरू होऊन ठिणगीवाचूनही पेटू शकते. राईस मिलमधला भुसा दिवसेंदिवस आतल्या आत जळत राहतो.

गॅस सिलिंडरची आग दिसायला भयंकर, पण जळती गळती ही न जळणाऱ्या गळतीपेक्षा अनेकदा कमी धोक्याची. पुरवठा बंद करता येणार नसेल तर ज्योत विझवू नये, सिलिंडर थंड ठेवावे. नाहीतर हवेपेक्षा जड असलेला गॅस जमिनीलगत पसरतो आणि शेजारच्या चुलीपाशी भडका उडतो. जिथे वीज आहे तिथे पाण्याआधी महावितरणला फोन.

आणि इमारतीची आग? तिथे माणसे जळून मरण्याआधी बहुधा धुराने गुदमरतात. गोंदिया शहराने डिसेंबर 2016 मध्ये बिंदल प्लाझा हॉटेलच्या आगीत सात माणसे गमावली. शेजारच्या भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात दहा बाळे गेली. त्यांतली तीन भाजून आणि सात गुदमरून गेल्याचे तेव्हा शासनाने सांगितले होते. सात बाळे वाचवता आली. यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. पण आदेशानंतर दरवाजा उघडतो की नाही, तिथे खाटा रचल्यात का, हे जाऊन पाहायला गावातच कोणीतरी लागते. तो माणूस म्हणजे हाच प्रमुख.

गाव हेच दल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गोंदियाहून आमगाव पंचवीस किलोमीटरच्या आसपास. रस्ता मोकळा असला तरी बंबाला अर्धा तास. गाडी आमगावातच असली तरी तालुक्याच्या टोकाच्या गावाला पोहोचायला वीस मिनिटे सहज जातात, आणि ग्रामीण भागासाठी देशात धरलेले उद्दिष्टही साधारण वीस मिनिटांचेच आहे. बंद खोलीतली आग मात्र काही मिनिटांतच हाताबाहेर जाते. म्हणजे पहिली वीस मिनिटे दलाची नसतात, ती गावाची असतात.

जर्मनीत बहुतेक लहान गावांची दले स्वयंसेवकांची आहेत, त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. फ्रान्समध्येही दलातले बहुसंख्य जवान स्वयंसेवक असतात. तिथला गावचा प्रमुख दिवसा सुतार किंवा शेतकरी असतो आणि भोंगा वाजला की प्रमुख होतो. आपल्याकडे दल सरकारी आणि बादल्या घेऊन धावणारे गावकरी निराळे, अशी फाळणी झाली. धावण्याची वृत्ती आपल्याकडे भरपूर आहे, कमी आहे ती शिकवण. ओल्या गोणपाटाने काय विझते, तेलाच्या आगीवर पाणी का टाकू नये, धुरात वाकून का चालावे, वाऱ्याच्या दिशेतले पुढचे पुंजणे आधी कसे वाचवावे. हे शिकवायला मोठा निधी लागत नाही.

14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. 1944 मध्ये त्या दिवशी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ 20 एप्रिलपर्यंत सप्ताह पाळतात. विदर्भात तोच आगीच्या हंगामाचा भर. त्या आठवड्यात प्रमुख हार घालून थांबला, तर दिवस साजरा होतो. राईस मिलच्या हमालांना, शाळेच्या शिपायांना, दवाखान्याच्या परिचारिकांना आणि गावोगावच्या दहा-दहा तरुणांना अर्धा तास शिकवून आला, तर दल मोठे होते.

आग विझल्यावरही त्याचे काम संपत नाही. आग कशाने लागली, किती जळले, याचा त्याचा अहवाल तलाठ्याच्या पंचनाम्याच्या जोडीला जातो. भरपाई, विमा, पोलिसांचा तपास यांत तो कागद बोलतो. घाईत लिहिलेल्या 'शॉर्ट सर्किट' या दोन शब्दांनी एखाद्याची भरपाई अडू शकते, किंवा आग लावणारा सुटू शकतो. जळालेल्या धानाच्या मालकासाठी विझवण्याइतकेच हे प्रामाणिक लिहिणे मोलाचे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री गाव दिवे लावत असते तेव्हा हा माणूस फोनजवळ असतो. त्या रात्री 101 ची घंटा वाजली नाही, तर त्याचे कौतुक करायचे कोणाला सुचत नाही. पण घंटा न वाजण्यामागे त्याने वर्षभर केलेल्या फेऱ्या असू शकतात. मिलमालकाशी घेतलेला वाईटपणा असू शकतो. पुंजणे वस्तीपासून आणि एकमेकांपासून दूर रचा, म्हणून बांधावर उभे राहून केलेली विनवणी असू शकते. लहान गावाच्या अग्निशमन प्रमुखाचे यश न लागलेल्या आगींत मोजायचे असते, आणि त्यांची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही.