बाग कोणाची?

तापीच्या एका तीरावर बुऱ्हाणपूर आणि दुसऱ्या तीरावर जैनाबाद. फारुकी घराण्यातील नासिर खान याने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीस ही गावे वसविली. शेख बुऱ्हाणुद्दीन व शेख जैनुद्दीन या सूफी संतांवरून त्यांची नावे पडली. या दोन्ही संतांचे दर्गे महाराष्ट्रात खुलताबाद येथे आहेत.

आपल्या जैनाबादेत आहूखाना आहे. फारसी भाषेत ‘आहू’ म्हणजे हरीण. हरणे ठेवण्याची जागा तो आहूखाना. मोगल काळात येथे बाग, महाल व पाण्याचा हौद होता. जून १६३१ मध्ये बुऱ्हाणपूर येथे मुमताज महलचे निधन झाले, तेव्हा तिला प्रथम जैनाबादच्या बागेतच दफन करण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिचे पार्थिव आग्र्यास नेले. ताजमहाल उभा राहिला तो त्यानंतर.

ती बाग राजघराण्याची होती. सर्वसामान्यांसाठी बाग ही कल्पना आपल्याकडे बरीच उशिरा रुजली. मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. बडोद्यास महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या काळात, १८७९ मध्ये, विश्वामित्रीच्या काठी कमाठी बाग तयार झाली. राजाने केलेली, पण प्रजेने फिरावे म्हणून केलेली! आहूखाना आणि कमाठी बाग यांतला खरा फरक हाच आहे.

सार्वजनिक बाग टिकण्यास तीन गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट पाणी. जुन्या बागांत पंप नव्हते. पाणी उंचावरून उताराने हौदात व तेथून पाटांत जाई. एक पाट बुजला की पुढची झाडे वाळत. पाण्याची व्यवस्था किती टिकू शकते, हे कुंडी भंडाऱ्यात पाहावे. अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५ मध्ये, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारांतून शहरात आणले गेले. मार्च २०२४ मध्ये ही रचना युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली.

दुसरी गोष्ट देखभाल. भिंतीवर नाव कोरले की चुन्याच्या गिलाव्यास भेग पडते, भेगेत पावसाचे पाणी शिरते आणि पुढे गिलावाच सुटतो. चारशे वर्षांचे काम एका खिळ्याने बिघडते.

तिसरी गोष्ट कागद. जागा सरकारी नोंदीत बाग म्हणून असेल तरच ती वाचते. बंगळूर येथे बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयास देण्यात आली, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे या निकालाने स्पष्ट झाले.

आपल्या जिल्ह्यात सहलीस जाण्याजोगी ठिकाणे पुष्कळ आहेत. असीरगडावर चढताना दम लागतो, पण वरून सातपुडा डोळे भरून दिसतो. बुऱ्हाणपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर महाल गुलारा आहे. तेथे बडी उतावली नदीवर बंधारा असून समोरासमोर दोन छोटे महाल आहेत. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी कोसळते. दृश्य सुंदर असले तरी त्या दिवसांत पाण्यात उतरू नये. राजघाटावर तापीचे विस्तीर्ण पात्र पाहावे.

परंतु सहल वर्षातून एकदा होते. खेळण्यास मैदान रोज लागते. शेते, घरे व दुकाने वाढतात तशी मैदाने आक्रसतात. म्हणून पालकांना व विश्वस्तांना विनंती आहे की, गावातील मोकळ्या जागा पटवाऱ्याकडील खसऱ्यात कशा नोंदविल्या आहेत हे एकदा पाहून घ्यावे. खेळाच्या मैदानाची नोंद नसेल, तर ग्रामसभेत विषय मांडावा. अतिक्रमण झाल्यावर धावण्यापेक्षा हे सोपे आहे.

मुलांनो, तुमच्याकडेही काम आहे. आहूखान्यात गेलात तर भिंतींवर काही लिहू नका, प्लॅस्टिक परत आणा आणि धाकट्यांना तेथला इतिहास सांगा. पूर्वी ही बाग बादशहाची होती, तिला राखण्यास नोकरचाकर होते. आज हा ठेवा आपणा सर्वांचा आहे, तेव्हा राखणदारही आपणच.