शेण चुलीस की शेतास?

कास्तकाराचे घर व शेत ही दोन निराळी खाती नव्हेत. घरात नित्य जे जळते किंवा उकिरड्यावर पडते, त्याचा जमाखर्च अखेर जमिनीच्याच वहीत मांडावा लागतो. या वहीतील मोठी तूट म्हणजे गोवऱ्या. स्वयंपाकाचा गॅस नागपूरकडील पुष्कळ घरांत आला आहे. तथापि पाणी तापविण्याकरिता अजूनही कित्येक अंगणांत शेण थापले जाते. शेण जळाले म्हणजे त्यातील नत्र धुरावाटे निघून जाते व जमिनीस भुसभुशीत राखणारा सेंद्रिय अंश नष्ट होतो. राखेत स्फुरद व पालाश तेवढे उरतात. गेलेले नत्र मग युरियाच्या गोणीतून विकत आणावे लागते.

यात कास्तकाराच्या अज्ञानास दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. सरपण मिळत नाही म्हणून शेण जळते, असा निर्वाळा डॉ. व्होल्कर यांनी हिंदी शेतीवरील आपल्या १८९३ सालच्या अहवालात दिला होता. तेव्हा शेण वाचवावयाचे तर प्रथम चुलीची सोय पाहिली पाहिजे.

आपल्याकडे तुराट्या व पऱ्हाटी हे घरचेच सरपण आहे. मात्र पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. २०१७ साली याच अळीने विदर्भात कपाशीची केवढी हानी केली, हे वाचक विसरले नसतील. म्हणून पऱ्हाटीच्या गंजी पुढील हंगामापर्यंत घराशेजारी किंवा बांधावर मुळीच ठेवू नयेत. बोंडे वेचून नष्ट करावीत आणि पऱ्हाटी उन्हाळ्यातच जाळून संपवावी, अथवा बारीक करून खतात घालावी. चुलीस धुराडे असावे, म्हणजे घरातील स्त्रियांच्या डोळ्यांस व छातीस होणारा त्रास कमी होतो. वर्ध्याच्या मगनवाडीतून प्रसार पावलेली मगनचूल याच हेतूची होती.

वाचलेल्या शेणाचा उत्तम उपयोग पुसदचे ना. दे. पांढरीपांडे ऊर्फ नाडेपकाका यांनी दाखवून दिला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे टाके बांधावे. हवेकरिता भिंतींत भोके ठेवावीत. तळापासून काडीकचऱ्याचा सहा इंच थर, त्यावर शेणकाल्याचा सडा व त्यावर चाळलेली माती, असे थर रचीत जावे. टाके भरल्यावर शेणमातीने लिंपून घ्यावे व ओल टिकवावी. केरातील पालापाचोळा व भाजीची देठे यांतच जावीत. काच व प्लॅस्टिक मात्र कटाक्षाने वगळावे. सुमारे १०० किलो शेणात चौदापंधराशे किलो काडीकचरा कुजतो व तीनचार महिन्यांत खत तयार होते.

शंभर किलो शेण चुलीत थोड्याच दिवसांत संपते. टाक्यात घातले तर गाडीभर खत होऊन शेतास मिळते. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वाचकाने निदान एक टाके बांधावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.